पुतळ्याला पोट नसतं

वॉर्डात त्या आठवड्यात दोन मुलींचा बोलबाला होता. एकीचा रडण्याबद्दल, दुसरीचा न रडण्याबद्दल.

रडणारी खिडकीपाशी होती. पडून हात मोडलेला, आत सळई घातलेली, वय वर्षं पाच, आणि गळा असा की जिना चढणाऱ्याला दुसरा मजला आला हे पाटी न वाचता कळावं. सगळे तिला भोंगा म्हणत, उशाशी बसलेले तिचे आजोबासुद्धा. आजोबांनी उभं आयुष्य बस चालवण्यात काढलेलं. "माझ्या गाडीला हा हॉर्न असता तर मी सगळीकडे वेळेवर पोचलो असतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि नातीच्या तोंडात संत्र्याची फोड सारत. तेवढीच फोडीपुरती शांतता.

न रडणारी तिच्या समोरच्या खाटेवर. साडेसहा वर्षांची. तिचं अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं. पोट उघडून, धुऊन, शिवून आज पाच दिवस झाले होते. घरी तिला मुंगी म्हणायचे. सदा लगबग, सदा इथलं उचलून तिथे नेणं, चमच्यापासून चपलेपर्यंत. इथे मात्र मुंगी उताणी पडली ती पडलीच. सलाइनची सुई बदलली, हूं नाही. जखमेवरची चिकटपट्टी ओढून काढली, चूं नाही. खाटेच्या दांडीला दोरीने एक पुठ्ठा बांधलेला होता, त्यावर ओळीने सहा तोंडं काढलेली. पहिलं हसरं, मग हळूहळू ओठ उलटे होत गेलेले, शेवटचं धाय मोकलून रडणारं. सकाळ-दुपार-संध्याकाळ सिस्टर विचारायच्या, "आज कुठलं तोंड, मुंगाबाई?" आणि मुंगी पहिल्या तोंडावर बोट ठेवायची.

"सव्वीस वर्षं झाली मला या वॉर्डात," सिस्टर म्हणाल्या. चष्मा कपाळावर चढवलेल्या, भरदार अंगाच्या, चालल्या की आधी किल्ल्यांचा आवाज पुढे येणाऱ्या बाई. "अशी शहाणी मुलगी पाहिली नाही. बघ गं भोंग्या, शिक जरा तिच्याकडून."

भोंग्याने हे ऐकून आणखी एक पट्टी वर नेली.

"ती शिकते आहे," आजोबा म्हणाले, "पण उलट्या वर्गात बसली आहे."

मुंगीची आई हसली. लेकीचं कौतुक झालं की कुठल्याही आईच्या चेहऱ्यावर येतो तो उजेड तिच्याही चेहऱ्यावर आला. मुंगीचा बाप मात्र खाटेच्या पायथ्याशी बसून चादरीची सुटलेली किनार बोटाने चाचपत राहिला. तो शिवणकाम करायचा. बाजारातल्या रस्त्यावर छोटं दुकान, दुकानावरच राहती खोली. ओळखीचे-अनोळखी सगळे त्याला मास्तर म्हणत. सिस्टरनी लेकीला शहाणी म्हटलं की मास्तरला वाटे, कुणीतरी आपल्या कानाखाली वाजवली.

त्याचं कारण असं. पाच दिवसांपूर्वी तापाने फणफणलेल्या मुंगीला दोघांनी उचलून इथे आणलं, तेव्हा तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "पोटात कधीपासून दुखतंय?" आईला माहीत असायचं काही कारण नव्हतं. ती बहिणीच्या बाळंतपणासाठी गेली होती, त्याच सकाळी परतली होती, पिशवीसुद्धा उघडायची राहिली होती. तिने मास्तरकडे पाहिलं. मास्तर म्हणाला, "कालपासून."

तीन दिवस झाले होते. डॉक्टरबाईंनी 'कालपासून' लिहून घेतलं. तो कागद आता खाटेच्या पायथ्याला, मास्तरच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर टांगलेला होता. वारा आला की हलायचा.

*

मुंगी अंगाने अशी की तिच्या वयाच्या सगळ्या मुलींचं माप तिच्यात सामावलेलं. मुलांच्या कपड्यांचं मोठं काम आलं की मास्तर तिला स्टुलावर उभी करायचा, कच्चा टाका घातलेला कपडा अंगावर चढवायचा आणि टाचण्या लावायचा. हलली की टाचणी टोचणार. आणि मुंगी तर हलण्यासाठीच जन्मलेली. म्हणून त्याने एक खेळ काढला होता. स्टुलावर चढली की ती पुतळा. पुतळ्याने समोरच्या भिंतीवरच्या एका डागाकडे बघायचं, हनुवटी जरा वर, हात अंगापासून चार बोटं लांब. आणि बापाने टाचण्या लावता लावता, ओठांत टाचण्या धरूनच, गुणगुणायचं:

पुतळ्या पुतळ्या, हलू नको,
टोचलं तरी बोलू नको,
टाका माझा पडू दे सरळ,
मग उतर खाली, मनसोक्त खेळ.

डब्यातलं एक बटण बक्षीस. तिच्याकडे अशी चाळीसएक बटणं जमली होती. एकदा टाचणी खरोखर खांद्यात रुतली, रक्ताचा ठिपका कापडावर उमटला, तरी मुंगी हलली नव्हती. मास्तरने ते गिऱ्हाइकांना किती जणांना सांगितलं असेल, त्याची गणती नाही. "आमचा पुतळा," म्हणायचा, "अस्सल दगडाचा."

आई गेली त्याच दिवशी नाटकाच्या बाईंचं काम निघालं. मुलांच्या नाटकासाठी सव्वीस पक्षी. पोपट, कावळे, मोर, बगळे. प्रत्येकाला झालर, प्रत्येकाला पंख, आणि सगळं चार दिवसांत. मुंगी स्टुलावर चढली आणि दुसऱ्याच पोपटाच्या वेळी म्हणाली, "बाबा, पोटात दुखतंय."

मास्तरच्या ओठांत टाचण्या होत्या. तो म्हणाला, "पुतळ्याला पोट नसतं."

मुंगीने यावर थोडा विचार केला, मग हसली आणि डागाकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी तिला उलटी झाली. मास्तरने पाणी पाजलं, पाठ चोळली, म्हटलं, उन्हाने झालं असेल. तासाभराने तीच विचारत आली, "आता मी कोण? कावळा?" तिसऱ्या दिवशी ती बगळा झाली. तोंड उतरलेलं, कपाळावर घाम. पण उभी राहिली. संध्याकाळी रोजच्यासारखा आईचा फोन आला. "कशी आहे रे माझी मुंगी?" "मजेत," मास्तर म्हणाला. तिन्ही दिवस तो हेच म्हणाला होता. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. हात कामात होते, फोन खांद्याने कानाशी दाबलेला होता, आणि तो शब्द सगळ्यात आखूड होता.

*

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई आल्या. बारीक, तरुण, बोलायला मोजकी आणि हात गरम करून मग पोटाला लावणारी बाई. त्यांनी मुंगीचं पोट चाचपलं.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"खोकून दाखव बरं."

मुंगी खोकली. मांजराचं पिल्लू शिंकावं तेवढं.

डॉक्टरबाई जरा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग आईला म्हणाल्या, "दोन दिवस चारच्या सुमाराला अंगात कणकण येते आहे, तेवढं मला आवडत नाही. पण फार नाही. जेवते थोडं. दुखत काही नाही म्हणते. उद्या सकाळी ताप नसला तर घरी जा. औषधं लिहून देते, आठ दिवसांनी दाखवायला आणा."

आईने लगेच कपाटातून रुमाल, वाटी, चमचा काढून पिशवीजवळ ठेवायला सुरुवात केली. ती चष्म्याच्या काचा घासून नंबराला आणायचं काम करायची, आणि कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उजेडाकडे धरून पाहायची, मग ठेवायची. वाटीसुद्धा तिने तशीच पाहिली.

"ऐकलंस का," ती मास्तरला म्हणाली, "घरी गेल्यावर महिनाभर तिला स्टुलावर चढवायचं नाही. नाटकाच्या बाईंना सांग, दुसरा पुतळा बघा."

"सांगतो," मास्तर म्हणाला.

सांगायला लांब जावं लागलं नाही. भेटायच्या वेळेत नाटकाच्या बाई स्वतःच आल्या. एका हातात संत्री, दुसऱ्या हातात कागदी पिशवी. संत्री पुढे केली, पिशवी पदराआड.

"मी कामासाठी आले नाही हं, मास्तर. मुंगीला बघायला आले."

"पिशवीत काय आहे?"

"ते राहू द्या."

"कापड आहे. बाई, मी आंधळा झालो तरी मला कापड कळेल."

बाई ओशाळल्या. "बगळा आहे. पंचवीस पक्षी असे बसलेत म्हणून सांगू, बघत राहावं. हा एक तेवढा तिरका जातो. तीन मुलींना घालून पाहिला. उजवीकडून वर चढतो. म्हटलं कापड आखडलं असेल. तुमच्या हातून तर असं होत नाही."

मास्तरने बगळा मांडीवर पसरला. टेप गळ्यात नव्हती, खिशात होती. हॉस्पिटलमध्येही ती त्याच्या खिशात असायची, जशी इतरांच्या असते किल्ली. कमरेपासून खाली डावीकडे एकोणीस इंच. उजवीकडे साडेअठरा. कापड आखडलं नव्हतं. दुमड त्याच्या हातची होती, टाका त्याच्या हातचा होता, आणि तो टाका घालताना आपण काय म्हणालो तेही त्याला आठवलं. "उजवी बाजू खाली का येते गं?" असं पुटपुटून त्याने खाली बसून पट्टीने स्टुलापासूनचं अंतर मोजलं होतं, आणि खाली आलेली झालर अर्धा इंच वर घेतली होती. झालर स्टुलाला समांतर झाली. तो मागे सरकून, मान कलती करून, खूश झाला होता.

झालर खाली आली नव्हती. पोरगी उजवीकडे वाकली होती. दुखत्या बाजूवर अंग मुडपून उभी होती, हनुवटी वर, हात चार बोटं लांब. त्याने कपडा सरळ केला आणि पोरगी तशीच ठेवली. लेकीची कळ त्याने पट्टी लावून मोजली होती, अचूक मोजली होती, आणि शिवून टाकली होती.

"मास्तर, एवढं मनाला लावून घेऊ नका," नाटकाच्या बाई म्हणाल्या. "अर्ध्या इंचाचं काय एवढं. लांबून दिसणारही नाही."

"नाही, दिसायला हवं होतं," मास्तर म्हणाला.

बाई गेल्या. मास्तरने डोकं वर केलं, तर समोरून मुंगी चालत येत होती. सिस्टर तिला दिवसातून दोनदा वॉर्डाच्या दारापर्यंत आणि परत अशी चालवायच्या. एका हाताने सलाइनचा खांब धरलेला, दुसरा हात अंगापासून लांब. नजर समोरच्या भिंतीवर. हनुवटी वर. हे सगळं तो पाच दिवस बघत होता. पण आज त्याची नजर खाली गेली, निळ्या झग्याच्या किनारीवर, जिथे ती शिंप्याची म्हणून आधीच जायला हवी होती. उजवीकडची किनार डावीपेक्षा खाली होती. अर्धा इंच, फार तर पाऊण.

"सिस्टर, ती वाकून चालते आहे."

"टाके ओढतात, मास्तर. सगळीच वाकतात."

"काल सारखी होती. दोन्ही बाजू सारख्या होत्या."

"आता तुम्ही झगेपण मोजता का?"

"मोजत नाही. दिसतं."

सिस्टर मुंगीकडे वळल्या. "काय गं मुंगाबाई, दुखतंय?"

"नाही," मुंगी भिंतीकडे बघत म्हणाली.

*

डॉक्टरबाई अजून पलीकडच्या वॉर्डात होत्या. मास्तरला वाटलं, तिथे जाऊन त्यांना एकट्यांना गाठावं. चार वाक्यं. आईला कळायची गरज नाही. औषध बदलेल, पोर बरी होईल, आणि घर आहे तसं राहील. तो दारापर्यंत गेलाही. तिथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की डॉक्टरबाई परत येऊन आईसमोरच विचारतील, आणि मुंगी आईसमोरच नाही म्हणेल. तो तिथेच थांबला. बाई बाहेर आल्या, तशी त्यांना घेऊन खाटेपाशी आला.

"डॉक्टर, तिला दुखतंय."

"ती नाही म्हणते."

"तिला मी तसं शिकवलंय."

आई टॉवेलची घडी घालत होती. तिने वर पाहिलं.

मास्तरने सांगितलं. पुतळ्याचं सांगितलं, दुसऱ्या पोपटाचं सांगितलं, उलटीचं, बगळ्याचं. सांगताना तो टांगलेल्या कागदाकडे बघत होता. "तिथे कालपासून लिहिलंय ते खोटं आहे. त्याच्या आधीचे दोन दिवस होतं. तिने मला सांगितलं होतं. मी थट्टा केली."

आईने घडी पूर्ण केली, ती मोडली, पुन्हा घालू लागली.

डॉक्टरबाईंनी खिशातून पेन काढून कागदावरचा शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला. "ऑपरेशन तर तेव्हाही हेच झालं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "पण पू तीन दिवस पोटात होता हे माहीत असतं तर मी या तापाला दोन दिवस थांबले नसते. परवाच आत बघितलं असतं. आणि उद्या तुम्हाला घरी पाठवत होते." पेन खिशात गेलं. "आता तिच्याशी बोला. मी पोट दाबणार आहे, मला खरं उत्तर हवंय."

मास्तर खाटेशी गुडघ्यांवर बसला. मुंगीचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आला. आता तिला भिंत दिसत नव्हती.

"मुंगे, खेळ संपला."

"बगळा झाला?"

"झाला."

"बसला नीट?"

"नाही बसला. तिरका झाला."

मुंगीचे डोळे मोठे झाले. "मी हलले नव्हते."

"नव्हतीस हललीस. तुझं काही चुकलं नाही. तुला दुखत होतं आणि मला कळलं नाही, म्हणून तिरका झाला."

"तू म्हणालास, पुतळ्याला पोट नसतं."

"खोटं बोललो."

"थट्टेत की खोटं?"

"थट्टेत बोललो. पण होतं खोटंच. तुला पोट आहे आणि ते दुखतंय. दुखतंय ना?"

मुंगीने आईकडे पाहिलं. मग डॉक्टरबाईंच्या हाताकडे. मग परत बापाकडे, बारकाईने, जणू त्याच्या चेहऱ्यावर कुठेतरी टाचणी लपवलेली आहे.

"सिस्टर मला शहाणी म्हणतात," ती हळूच म्हणाली.

"रडलीस तरी म्हणेन गं बाई," सिस्टर म्हणाल्या, आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून दुसरीकडे बघू लागल्या.

डॉक्टरबाईंनी हातावर हात चोळले आणि उजवीकडे, खाली, दोन बोटं टेकवली. नुसती टेकवली. मुंगीचे ओठ आधी मिटले, मग थरथरले, आणि मग जो आवाज निघाला तो पाच दिवसांचा होता, की आठ, कोण जाणे. शब्द नव्हता त्यात. विहिरीत कळशी आपटत आपटत खोल जावी आणि भरून वर येताना जड व्हावी तसा तो वर आला आणि थांबेना. समोरच्या खाटेवर भोंगा चक्क गप्प झाली. तोंडातली फोड तशीच ठेवून ती बघत बसली.

"पुरे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोनोग्राफीला न्या. लगेच."

*

आत पू साठला होता, मुठीएवढा. मुंगीला गुंगी देऊन कुशीतून एक बारीक नळी आत घातली आणि नळीच्या टोकाला पिशवी लावली. हे चालू असताना आई आणि मास्तर बाहेरच्या बाकावर बसले होते. बाक लांब होता. आईने मधे पिशवी ठेवली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी रोज फोन करत होते."

"हो."

"तीनदा विचारलं. तीनदा मजेत म्हणालास."

"हो."

"तिला फोन दे, असं मी एकदाही म्हटलं नाही." ती समोरच्या बंद दाराकडे बघत होती. "बहिणीचं बाळ मांडीवर होतं. म्हटलं, मजेत आहे तर कशाला. ते माझं. ते मी तुझ्यावर घालत नाही. पण इथे, त्या खोलीत, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघून कालपासून म्हणालास. मला घाबरून म्हणालास ना?"

"हो."

"आणि पाच दिवस लोक तिला शहाणी म्हणत होते, मी हसत होते, आणि तू किनार चाचपत बसला होतास. मला वाटायचं, थकला आहे बिचारा." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "रागावायला मला आत्ता वेळ नाही. नंतर रागावेन."

मास्तरला वाटलं, तिने आत्ताच रागवावं. मोठ्याने, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं. पण ती बोलली नाही, आणि मागण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं त्याला समजत होतं.

दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी मुंगीने पेज मागून खाल्ली, चौथ्या दिवशी भोंग्याशी संत्र्यावरून भांडली. पुठ्ठ्यावरच्या तोंडांवर आता तिचं बोट फिरायचं. कधी चौथं, कधी तिसरं, आणि एकदा नुसता कंटाळा आला म्हणून सहावं. "अरे वा, आता गाडी सगळ्या स्टॉपवर थांबते," आजोबा म्हणाले.

पण ती तोंडं ती सिस्टरना दाखवायची, आईला दाखवायची. मास्तर विचारायचा, "दुखतंय का गं?" तेव्हा ती हातातलं काहीतरी बघत म्हणायची, "नाही." तो तासातासाने विचारू लागला. उत्तर तेच, गोड आवाजात, बापाचं मन राखल्यासारखं. तो मग आईकडे बघायचा आणि आई हळूच सांगायची, "जरासं दुखतंय म्हणत होती मघाशी." लेकीच्या दुखण्याची बातमी त्याला अशी दुसऱ्याच्या तोंडून मिळू लागली. ज्या एका शब्दावर सगळा वॉर्ड पाच दिवस निर्धास्त राहिला, तो शब्द आता त्याला खरा मानता येत नव्हता, आणि खोटा ठरवायला हातात काही नव्हतं. आईच्या रागाला अजून वेळ मिळाला नव्हता. ती त्याला डबा वाढायची, चहा पुढे करायची, रात्री दोघांनी पाळ्या लावून जागायचं ते ठरवायची. सगळं नीट. नुसती पिशवी दोघांच्या मधे असायची.

नवव्या दिवशी सकाळी नळी काढायची ठरली.

"क्षणाचं काम आहे," सिस्टर ट्रे घेऊन आल्या आणि खाटेभोवतीचा पडदा ओढू लागल्या. "पण दुखेल. मी खोटं सांगत नाही. एका बाजूला आई, एका बाजूला बाबा, दोघांचे हात धर, आणि पाहिजे तेवढं ओरड. भोंग्याला हरवायचं आज."

मास्तरने हात पुढे केला. मुंगीने आईचा हात धरला. बापाच्या हाताकडे तिने पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळाला एक आठी पडली, अवघड गणित आल्यासारखी.

"बाबा, तू बाहेर जा."

"का गं? मी थांबतो ना तुझ्यापाशी."

"नको."

"मी रागावणार नाही. तू कितीही रड. मी सांगितलं ना तुला, खेळ संपला."

"माहीत आहे मला," मुंगी म्हणाली. तिला त्याला दुखवायचं नव्हतं, ते तिच्या आवाजातच होतं; मोठ्या माणसाला काही समजावून सांगताना मुलं जसा जपून आवाज लावतात तसा. "पण तू असलास ना, की मला रडूच येत नाही. येतं, पण बाहेर येत नाही."

सिस्टरनी ट्रेवरची कात्री उगाच सरळ केली. आईने पहिल्यांदाच मास्तरकडे नीट, बराच वेळ पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"बरं," मास्तर म्हणाला. "जातो मी. तू चांगली मोठ्याने रड."

तो पडदा सारून बाहेर आला. आजोबांनी सरकून बाकावर जागा केली, पण तो बसला नाही. पडदा जमिनीपासून हातभर उंच होता. खालून सिस्टरच्या पांढऱ्या चपला दिसत होत्या, आईच्या पायांची बोटं दिसत होती. म्हणजे आतून खाटेवरून त्याचे बूटही दिसत असणार, हे त्याच्या ध्यानात आलं. तो दोन पावलं मागे सरकला. मग आणखी चार, वॉर्डाच्या दाराबाहेर, भिंतीच्या आड, जिथून तिला त्याचं काहीच दिसलं नसतं.

तिथे तो उभा राहिला आणि थोड्याच वेळात त्याला तिचं रडणं ऐकू आलं. मोठं होतं, मोकळं होतं. जिना चढत येणारी एक अनोळखी बाई दचकून थांबली आणि त्याला म्हणाली, "अगं बाई, कुणाचं हो हे लेकरू?"

"माझं," मास्तर म्हणाला, आणि आत गेला नाही.